एका पुतळ्याची चार दिवसांची वरात: रेनेसाँच्या गोष्टीवर आठ पानी कॉमिक कसं करायचं

रेनेसाँवर कॉमिक करायचं म्हटलं की हात आधी चरित्राकडे जातो. पहिल्या पानावर लिओनार्दोचा जन्म, शेवटच्या पानावर मोनालिसा आणि मधे प्रत्येक चौकटीत कोणीतरी उभं राहून माहिती सांगतंय. असली कॉमिक्स बक्षीस समारंभात वाटली जातात आणि कपाटात पडून राहतात. ती वाईट काढलेली असतात असं नाही. त्यांत घडत काहीच नसतं, ही खरी अडचण.

गोष्ट निवडताना माझी कसोटी एकच आहे. काहीतरी जड वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागी गेली पाहिजे. वजन आलं की माणसं वाकतात, दोर ताणले जातात, कोणीतरी ओरडतं, कोणाची तरी बोटं चिरडतात. हे सगळं काढता येतं. ‘मानवतावादाचा उदय’ काढता येत नाही.

या लेखापुरती मी घेतलेली गोष्ट म्हणजे 1504 सालच्या मे महिन्यात फ्लॉरेन्समध्ये मायकेलअँजेलोचा डेव्हिड, म्हणजे बायबलमधल्या गोफणवाल्या वीराचा संगमरवरी पुतळा, कार्यशाळेतून चौकापर्यंत नेला, ते चार दिवस. अंतर जेमतेम अर्धा किलोमीटर. आठ पानांना पुरून उरेल एवढं यात आहे. पद्धत हीच ठेवून तुम्ही दुसरी कुठलीही घटना घेऊ शकता.

आधी कच्चा माल

वहीच्या एका पानावर बसेल एवढीच माहिती लिहून काढा. त्याहून जास्त असेल तर गोष्ट मोठी झाली असं समजा. माझ्या वहीतलं पान असं आहे:

संगमरवराचा ठोकळा कॅथीड्रलच्या आवारात कित्येक वर्षं पडून होता. 1464 मध्ये एका शिल्पकारानं त्याला हात घातला, 1476 मध्ये दुसऱ्यानं, आणि दोघांनीही सोडून दिला. 16 ऑगस्ट 1501 ला सव्वीस वर्षांच्या मायकेलअँजेलोशी करार झाला. मूर्ती कॅथीड्रलच्या वरच्या भागात बसवायची असं मूळ ठरलं होतं. काम होत आलं तेव्हा ती इतकी भारी निघाली की कुठे ठेवायची हे ठरवायला 25 जानेवारी 1504 ला बैठक बोलवावी लागली. तिला लिओनार्दो, बॉटिचेली, फिलिप्पिनो लिप्पी, जुलियानो दा सांगाल्लो असे शहरातले सगळे मातब्बर हजर होते.

पुढचं सगळं लुका लांदुच्चीच्या रोजनिशीत आहे. हा माणूस औषधं विकायचा आणि शहरात जे दिसेल ते टिपून ठेवायचा. तो लिहितो ते थोडक्यात असं: 14 मेला संध्याकाळी पुतळा बाहेर काढला, त्यासाठी दरवाजावरची भिंत फोडावी लागली. त्याच रात्री कोणीतरी पुतळ्यावर दगड मारले, म्हणून पहारा ठेवावा लागला. पुतळा उभाच बांधलेला, पाय जमिनीला टेकणार नाहीत असा टांगलेला. ओढायला चाळीसहून जास्त माणसं. खाली चरबी लावलेले चौदा ओंडके, मागचा मोकळा झाला की उचलून पुढे. 18 तारखेला तो चौकात पोचला. मग जागेवर बसवण्यात 8 जुलै उजाडली, कारण तिथे आधी दोनातेल्लोनं केलेला, शत्रूच्या सेनापतीला मारणाऱ्या बायबलमधल्या ज्युडिथचा पुतळा होता, तो हलवावा लागला.

ओंडके चौदा, माणसं चाळीस, दिवस चार. चित्रकाराला असा साक्षीदार मिळणं म्हणजे लॉटरी आहे. कलावंतांची चरित्रं लिहिणाऱ्या वसारीनं नंतर लिहिलेल्या मायकेलअँजेलोच्या चरित्रात लाकडी चौकटीचं आणि दोरांचं वर्णन येतं. मूर्ती चौकटीत टांगली होती, म्हणजे हिसका बसला तर ती हलकी झुलेल पण तडकणार नाही. वसारी मात्र सांभाळून वापरा. तो 1511 ला जन्मला, म्हणजे हे सगळं त्यानं ऐकलेलं आहे, आणि गोष्ट रंगवून सांगायची त्याला भारी हौस. लांदुच्चीनं पाहिलेलं आधी घ्या, मग वसारीचं.

हात तयार करणं: गोष्टीच्या आधी महिनाभर

इथे घाई करू नका. कॉमिक फसतं ते बहुतेक वेळा याच टप्प्यावर.

ए5 आकाराची वही, 2बी पेन्सिल आणि एक साधं बॉलपेन घ्या. खोडरबर घरी ठेवा. हा सल्ला माझा नाही, लिओनार्दोचा आहे. छोटी वही कायम जवळ बाळगा, वाटेत माणसं बोलताना, भांडताना, हसताना दिसली की चार रेघांत टिपा, आणि कागद रंग दिलेला असू द्या म्हणजे खोडायचा मोहच होणार नाही, असं त्यानं नोंदवून ठेवलंय. आपल्याला रंग द्यायचीही गरज नाही. वह्यांना कव्हर घालायचा खाकी ब्राऊन पेपर आणा, कापा, टाचा. त्यावर पेन्सिलीनं सावली आणि पांढऱ्या पोस्टर कलरनं उजेड. कागदाचा खाकी रंग मधली छटा म्हणून आपोआप काम करतो. पंधराव्या शतकातले लोक रंगवलेल्या कागदावर धातूच्या टोकानं रेखाटून पांढरा रंग चढवायचे, ते याच तत्त्वावर. सावली कमी करा आणि पांढरा अगदी शेवटी, नाकाच्या शेंड्यावर किंवा खांद्याच्या हाडावर एकेक ठिपका. पांढरा जास्त झाला की सगळं पिठात लोळल्यासारखं दिसतं.

आता काय काढायचं? ओझं उचलणारी माणसं. बाजार समितीतले हमाल, गणपतीच्या मांडवात वासे उभे करणारी मुलं, फ्लॅटमध्ये फ्रीज चढवणारे मूव्हर्स-पॅकर्सचे लोक. 1504 मधला माणूस आणि आजचा माणूस जड वस्तू ढकलताना सारखाच वाकतो, त्यात पाचशे वर्षांत काही फरक पडलेला नाही. बघायचं एवढंच: वजन कुठल्या पायावर आहे, टाच उचललीय का, मान खाली गेलीय की मागे ताणलीय. ढकलणारा मान खाली घालतो. दोर ओढणारा मागे रेलतो आणि त्याचं तोंड उघडं असतं. एवढा एक फरक पकडलात तरी चाळीस माणसांची गर्दी जिवंत होते.

घरी आल्यावर वही न उघडता तेच चित्र पुन्हा काढा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेत ‘स्मरणचित्र’ हा विषय असायचा आणि आपण तो पतंग उडवणाऱ्या मुलांवर निभावून न्यायचो. कॉमिकचा खरा अभ्यास तोच आहे. लिओनार्दोसुद्धा रात्री अंधारात पडल्या पडल्या दिवसभर अभ्यासलेले आकार मनात पुन्हा गिरवावेत म्हणतो. कॉमिकमध्ये तोच मुकादम तुम्हाला तीस वेळा काढायचाय, प्रत्येक वेळी समोर कोण बसणार?

कपड्यांच्या चुण्यांसाठी एक जुना उद्योग करून बघा. तरुण लिओनार्दो मातीच्या मूर्तींवर मातीच्या पाण्यात बुडवलेल्या चिंध्या पांघरायचा आणि त्या चुण्या तासन् तास रेखाटायचा. आपण जुना पंचा घ्यायचा, प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पातळ पाण्यात बुडवायचा आणि खुर्चीच्या पाठीवर टाकायचा. मोरीत करा, हॉलमध्ये नको. आणि उरलेलं पाणी मोरीच्या जाळीत ओतू नका, प्लास्टर आत घट्ट बसतं. वाळलं की एकाच बाजूनं टेबललॅम्प लावा. चुणी कुठून सुटते, कुठे लटकते आणि कुठे मोडते, या तीन गोष्टी कळल्या की फ्लॉरेन्सचा पायघोळ झगा पाठ होतो.

नकला करायच्या तर मायकेलअँजेलोच्या पेनच्या रेखाटनांच्या करा. तो तेरा वर्षांचा असताना, 1488 मध्ये, गिर्लांदायोच्या कार्यशाळेत उमेदवारी करायला गेला आणि तिथे आडव्या-तिरक्या रेघांनी उठाव आणायला शिकला. त्याच्या रेघा आकाराला वळसा घालतात, दंडावरून गोल फिरतात. सपाट जाळी मारत नाहीत. एकच हात घ्या, खांद्यापासून मनगटापर्यंत, आणि रेघ न रेघ उतरवा. पॅरिसच्या लूव्रमध्ये त्याचा एक कागद आहे, त्यावर ब्राँझच्या एका वेगळ्या डेव्हिडचं चित्र आणि शेजारी या संगमरवरी डेव्हिडचा नुसता उजवा हात. बाजूला त्यानं स्वतः लिहिलंय, ‘डेव्हिड गोफणीनं आणि मी धनुष्यानं’. त्या एका कागदावर कॉमिकच्या नायकाचा स्वभाव मिळतो.

गोफण मात्र खरीच आणून काढा. ज्वारीच्या राखणीला ती अजून वापरतात. दोर हातात कसा पकडायचा, दगडाची वाटी कुठे येते, हे हातात धरल्याशिवाय कळत नाही. डेव्हिडच्या डाव्या खांद्यावरून पाठीवर उतरणारा तो पट्टा अनेक जण कापडाचा टॉवेल समजून काढतात.

पुतळा स्वतः बघायचा तर मूळ फ्लॉरेन्सच्या अकादेमिया संग्रहालयात आहे, 1873 मध्ये तो चौकातून आत हलवला. चौकात आज उभी आहे ती प्रतिकृती. लंडनमध्ये राहणाऱ्यांची चंगळ आहे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये डेव्हिडची पूर्ण आकाराची प्लास्टर प्रत आहे, प्रवेश फुकट, आणि सभोवती फिरून रेखाटता येतं. राजघराण्यातल्या स्त्रिया आल्या की लावायचं प्लास्टरचं पानही तिथे जपून ठेवलंय, तेही काढून आणा! मुंबईत जे. जे.च्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या प्लास्टरच्या युरोपीय पुतळ्यांवरच हात घासत आल्या. तुमच्या हाताशी काहीच नसेल तर नाक-डोळ्याचं प्लास्टर मॉडेल कलासाहित्याच्या दुकानात मिळतं. तेवढ्यानंही छाया-प्रकाश समजतो.

उंचीचं गणित

डेव्हिड 5.17 मीटर उंच आहे. वाचताना हा आकडा डोक्यावरून जातो, काढताना मात्र नडतो.

अल्बेर्तीनं 1435 मध्ये चित्रकलेवर जे लिहिलं त्यात मोजायची सोपी युक्ती आहे. फ्लॉरेन्समध्ये लांबी ‘ब्राच्चो’त मोजत, एक ब्राच्चो म्हणजे सुमारे 58 सेंटिमीटर. अल्बेर्ती माणसाची उंची तीन ब्राच्चो धरतो आणि क्षितिजरेषा त्याच माणसाच्या डोक्याच्या पातळीला घेतो. डेव्हिड भरतो जवळजवळ नऊ ब्राच्चो. म्हणजे एकावर एक तीन माणसं. झालं गणित.

चौकटीत ते असं वापरा. आधी क्षितिजरेषा मारा. बघणारा सपाट जमिनीवर उभा असेल तर सगळ्या उभ्या माणसांची डोकी त्या रेषेवर येणार, जवळची असोत की लांबची. लांबच्यांचे पाय वर येतात, डोकी तिथेच राहतात. आता पुतळा जिथे उभा करायचा तिथे जमिनीवर ठिपका द्या, ठिपक्यापासून क्षितिजरेषेपर्यंतचं अंतर मोजा आणि त्याच्या तिप्पट वर जा. तिथे डेव्हिडचं डोकं. खाली ओंडके, वर लाकडी चौकट असल्यामुळे एकूण उंची आणखी थोडी वाढवा. शेजारचा माणूस तीन सेंटिमीटरचा असेल तर पुतळा नऊचा, आणि त्या माणसाचं डोकं डेव्हिडच्या गुडघ्याच्या जरा वर.

गल्लीसाठी एकच लोपबिंदू (समांतर रेषा लांबवर जिथे मिळाल्यासारख्या दिसतात तो ठिपका) पुरे. दोन लोपबिंदू लावून कोपऱ्यावरच्या इमारती दाखवायचा मोह होईल. आठ पानांत फार तर एकदा करा.

डेव्हिडचं डोकं आणि हात शरीराच्या मानानं मोठे आहेत. तुमचं प्रमाण चुकलं असं वाटून ते लहान करू नका.

1504 मध्ये काय नव्हतं

फोटो बघून काढणाऱ्यांचे इथे हमखास वांधे होतात. आजच्या चौकातला नेपच्यूनचा कारंजा तेव्हा नव्हता. शेजारच्या कमानींच्या मंडपात चेल्लिनीचा पर्सियसचा पुतळा नव्हता, तो 1554 चा. उफीझीची इमारत 1560 मध्ये सुरू झाली, त्यामुळे त्या बाजूला नदीकडे घरांची दाटी काढा. कॅथीड्रलचा रंगीत संगमरवरी दर्शनी भाग तर एकोणिसाव्या शतकातला, तेव्हा समोरची बाजू अर्धवट होती. घुमट मात्र होता, 1436 पासून, आणि त्यावरचा तांब्याचा गोळाही. जोत्तोचा मनोरा होता. चौकातल्या राजवाड्याचा उंच बुरूज होता. राजवाड्यासमोर एक उंच ओटा होता, तो आता नाही. डेव्हिड त्याच ओट्यावर चढला.

संवादातही जपा. त्या राजवाड्याला लोक आज पालाझ्झो वेक्कियो म्हणतात, तेव्हा तो सिन्योरियाचा, म्हणजे शहराच्या सरकारचा, राजवाडा होता. बाजाराच्या चित्रात टोमॅटो, मका, मिरची नको. कोबी, कांदे, मासे, ऑलिव्ह, पाव खुशाल काढा.

तारखांचा घोळ वेगळाच. फ्लॉरेन्सचं नवं वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं, आपलं शके जसं जानेवारीत न बदलता चैत्रात बदलतं तसं. म्हणून जानेवारीतल्या त्या बैठकीच्या मूळ कागदावर साल 1503 दिसतं. दिवसाचे तास ते सूर्यास्तापासून मोजत. लांदुच्ची लिहितो की पुतळा चोविसाव्या तासाला बाहेर आला, म्हणजे मावळतीला, आणि बाराव्या तासाला चौकात पोचला, म्हणजे सकाळी सातच्या आसपास. ही माहिती नुसती खाली तळटीप म्हणून टाकू नका, तिच्यावरून उजेड ठरवा. बाहेर पडताना सावल्या लांब, पोचतानाही लांब पण उलट्या दिशेला.

पानांची मांडणी

ए4 चे दोन कागद मधे दुमडले की ए5 ची आठ पानं होतात. पहिलं पान उजवीकडे येतं, मग 2-3 समोरासमोर, 4-5 समोरासमोर, 6-7 समोरासमोर, आणि 8 पाठीवर. यातलं 4-5 हे एकच जोडपान अखंड कागदावर छापलं जातं, म्हणून मोठं चित्र तिथेच. वाचकाला धक्का द्यायचा तो पान उलटल्यावर, म्हणजे 2, 4 किंवा 6 वर.

मी अशी विभागणी केली. पान 1: कार्यशाळा. फळ्यांचं कुंपण, खाली पडलेल्या दगडाच्या कपच्या, पुतळ्याचे फक्त पाय दिसतात. 2 आणि 3: बैठक. 4-5: मावळतीला भिंत फोडून बाहेर येणारा पुतळा, आणि उजव्या टोकाला काळोख उतरतोय, त्यात दोन-तीन माणसं वाकून काहीतरी उचलतायत. 6: दगड, मग पहारा. 7: ओंडके. 8: चौक.

बैठक ही सगळ्यात अवघड पानं. तीसेक माणसं नुसती बोलतात. पण काय बोलतात! राजवाड्याचा निवेदक म्हणतो, ज्युडिथचा पुतळा अशुभ आहे, बाईनं पुरुषाला मारावं हे बरं दिसत नाही, ती तिथे बसवल्यापासून आपलं वाईटच होत आलंय, पिसा शहर हातचं गेलं. सांगाल्लो म्हणतो, दगड मऊ पडलाय, पावसात टिकणार नाही, मंडपात ठेवा. लिओनार्दो त्याचीच री ओढतो, भिंतीलगत ठेवा, समारंभांच्या आड येणार नाही असा. बॉटिचेली कॅथीड्रलजवळ म्हणतो. फिलिप्पिनो लिप्पी मात्र शहाणा, म्हणतो ज्यानं केलाय त्यानं जागेचा जास्त विचार केला असेल, त्यालाच विचारा. एकावन्न वर्षांचा लिओनार्दो आणि अठ्ठावीस वर्षांच्या पोरानं केलेला पुतळा, भिंतीलगत ठेवा! यात मत्सर होता की सरळ व्यवहार, हे तुम्ही ठरवू नका. लिओनार्दोचा चेहरा काढा आणि वाचकावर सोडा. नंतर त्यानं वहीत याच डेव्हिडचं छोटं रेखाटन केलं, ते आज विंडसरच्या संग्रहात आहे. मी ते पान 8 च्या कोपऱ्यात घेतलं, गर्दीत उभा राहून रेखाटणारा एक म्हातारा म्हणून. तेवढी सूट घ्यायला हरकत नाही.

एवढ्या दाढ्यांत कोण कोण ते कळायला हवं. फ्लॉरेन्सच्या ब्रांकाच्ची चॅपेलमध्ये मासाच्चोनं 1420 च्या दशकात एकाच भिंतीवर सेंट पीटरला तीनदा रंगवलंय: मधे येशूशी बोलताना, डावीकडे माशाच्या तोंडातून नाणं काढताना, उजवीकडे कर भरताना. चौकटी नाहीत, तरी गोंधळ होत नाही, कारण निळा अंगरखा, पिवळसर वस्त्र आणि पांढरी दाढी ठरलेली. आपल्याकडे रंग नाही, म्हणून बाह्याकारावर भर द्या. लिओनार्दोबद्दल एका जुन्या नोंदीत आहे की सगळे लांब झगे घालत असताना तो गुडघ्यापर्यंतचाच गुलाबी अंगरखा घालायचा आणि त्याचे कुरळे केस छातीपर्यंत यायचे. मायकेलअँजेलोचं नाक तोर्रिज्यानोनं लहानपणी बुक्का मारून मोडलं होतं. प्रत्येक पात्र काळ्या शाईनं भरून टाका, नुसत्या सावलीवरून ओळखू आलं तर पास.

सातव्या पानावर सहा सारख्या चौकटी. तोच कोन, तोच रस्ता. मागचा ओंडका मोकळा होतो, दोघं उचलतात, पळतात, पुढे टाकतात, पुतळा हातभर सरकतो. सहाव्या चौकटीत पहिल्यासारखंच दृश्य, फक्त मागची खिडकी बदललेली. एवढ्यात चार दिवस निघून जातात, ‘दुसऱ्या दिवशी’ लिहावं लागत नाही. चेहऱ्यांपेक्षा हातांकडे लक्ष द्या. चरबीनं माखलेला ओंडका निसटतो, म्हणून तो पंजात धरता येत नाही. कोपराच्या खाचेत घेऊन पोटाशी आवळावा लागतो, आणि सदऱ्यावर तिरका काळा पट्टा उमटतो. तो पट्टा चौकटीगणिक रुंद करत न्या.

डेव्हिडचा चेहरा आठव्या पानापर्यंत दाखवू नका. सगळ्या जगाला तो पाठ आहे, तुमच्या चौकटीत आला की वाचक गोष्ट सोडून पोस्टकार्ड बघायला लागतो.

मराठीत बोलणारे फ्लॉरेन्सकर

नाटकी मराठी टाळा. ‘हे महान शिल्पकारा’ म्हटलं की संपलं. मजूर मजुरासारखे बोलू देत: ‘आरं दाबून धर!’, ‘मागचा काढ, मागचा!’ बैठकीतले मातब्बर शहरी, अघळपघळ, एकमेकांना तुम्ही-आम्ही करणारे. मुकादम सगळ्यांना अरे-तुरे करतो पण मायकेलअँजेलोशी ‘तुम्ही’ म्हणून बोलतो, वयानं तो धाकटा असला तरी. बैठकीत त्याच्या पाठीमागे त्याला ‘तो पोरगा’ म्हणतात. एवढ्यानं उतरंड कळते.

आवाजांच्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे, परदेशी कॉमिकमधले उसने आणायची गरज नाही. दोराचा ‘कर्रर्र’, भिंत पडते तो ‘धडाड्’, संगमरवरावर दगड लागतो तो ‘खट्’, आणि लाकडी चौकटीवर लागतो तो ‘ठप्’. सहाव्या पानावर मी एकही संवाद ठेवला नाही. ठप्, ठप्, खट्. तिसऱ्या आवाजाला पहारेकरी वळतो.

अक्षरं चित्राच्या आधी लिहा, नंतर नाही. मूळ पान ए4 वर काढून ए5 वर छापलं की सगळं 71 टक्के होतं. म्हणून ए4 वर अक्षराचा मधला भाग 4 मिलिमीटर आणि दोन ओळींतलं अंतर 9 मिलिमीटर ठेवा. इंग्रजी कॉमिकमधलं अंतर इथे चालत नाही, वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात. फुगा उभट करा, एका ओळीत दोन-तीनच शब्द. शब्द तोडून पुढच्या ओळीत नेऊ नका. जोर द्यायचा तर शिरोरेघ जाड करा, इंग्रजीसारखी मोठी लिपी आपल्याकडे नाही आणि तिरकं अक्षर देवनागरीत लंगडं दिसतं. एका फुग्यात पंधराच्या वर शब्द गेले की कात्री. हाताचं अक्षर बरं नसेल तर ‘कलम’ हा फाँट फुकट मिळतो आणि हस्ताक्षराच्या जवळचा आहे.

बोललेले शब्द चित्रातच लिहायची सवय त्या लोकांनाही होती. सिमोने मार्तिनीच्या 1333 च्या चित्रात देवदूताचे सोनेरी शब्द सरळ रेषेत मेरीच्या कानाकडे जातात. फ्रा आंजेलिकोच्या कोर्तोनातल्या चित्रात मेरीचं उत्तर उलटं लिहिलंय, वरून देवाला वाचता यावं म्हणून. आपल्या फुग्याच्या शेपट्या कुठे वळतात याकडे तेवढं लक्ष दिलंत तरी पुरे.

शाई आणि झेरॉक्स

पेन्सिलीवर थेट वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक. पुतळ्याला बारीक निब आणि वळणाऱ्या रेघा, माणसांना ब्रश आणि जाड रेघ. असं केलं की दगड आणि मांस वेगळे दिसतात. गर्दीत पुढच्या पाच माणसांनाच तपशील द्या, बाकीच्यांची डोकी आणि खांदे पुरेत. पान 6 ची रात्र पूर्ण काळी भरा आणि मशालीचा उजेड कोरा सोडा. करडी छटा वापरू नका, झेरॉक्सवर ती चिखल होते.

स्कॅन 600 डीपीआयला, काळा-पांढरा मोड. छपाईसाठी जोड्या अशा लावा: पहिल्या कागदावर एका बाजूला 8 आणि 1, मागे 2 आणि 7. दुसऱ्यावर एका बाजूला 6 आणि 3, मागे 4 आणि 5. डावीकडचा आकडा आधी दिलाय. दुकानदाराला ‘शॉर्ट एज’वर पाठपोट मारायला सांगा, नाहीतर मागचं पान उलटं येतं. आधी एकच प्रत काढून दुमडून बघा. जोडपानाच्या मधल्या घडीत डेव्हिडचा पाय येत असेल तर चित्र सेंटिमीटरभर डावीकडे सरकवा. मग लांब मानेच्या स्टेपलरनं घडीवर दोन पिना, आणि बाहेरची कड कटरनं सारखी करून घ्या.